आर म्हणजे रहिवासी

कांदिवली पूर्वेच्या त्या टेकडीवर मोबाईलचं नेटवर्क कुठे मिळतं आणि कुठे मिळत नाही, हे तिथल्या कुत्र्यांनाही माहीत आहे. वरच्या गल्लीत फोनच्या कोपऱ्यात E येतो. E असला की फोन लागतो, मेसेज येतो, आणि बाकी काही होत नाही. फोटो उघडायला गेलं तर मधे एक गोल फिरत बसतं. खाली वळणावर गल्ली एका माणसापुरती अरुंद होते आणि पायऱ्या सुरू होतात. तिथल्या एका पायरीवर पाय ठेवला की E जातो आणि 4G येतं. एकदम. पूर्वी मधे H यायचा, धड हा नाही धड तो, पण तो कंपन्यांनी बंद करत आणला. आता एक तर E, नाही तर 4G.

त्या पायरीला सगळे फोर जीची पायरी म्हणतात. पोरं तिथे रील बघतात. बायका गावाला व्हिडिओ कॉल लावतात. एका पोरीने नोकरीची मुलाखत तिथे बसून दिली, मागे नळावरचं भांडण चालू असताना. नोकरी लागली नाही.

हे आधी असं नव्हतं. आधी टेकडीवर सगळीकडे रेंज होती. मग बिल्डरने पायथ्याशी झोपडपट्टी पुनर्वसन योजनेचा पहिला टॉवर बांधला, विकायचा, बाहेरच्या लोकांना. तो उभा राहिला आणि पलीकडच्या मोबाईलच्या टॉवरची रेंज अडली. टॉवर आला नि टॉवर गेला, असं वरच्या गल्लीतले लोक म्हणतात आणि हसतात. आपल्या नरडीवर कोणी पाय ठेवला की आधी विनोद करायचा, ही गिरणगावातून आलेली सवय आहे. गिरण्या गेल्या, सवय राहिली.

मालन वरच्या गल्लीत राहते. नवरा जयवंत गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर लालबागची भाड्याची खोली परवडेना, म्हणून दोघं इथे टेकडीवर आली, पत्रे ठोकले, पुढे विटा लावल्या, लादी बसवली. जयवंत गेला तेव्हा खोली मालनच्या नावावर झाली. मुलगा नितेश लिफ्टच्या दुरुस्तीला जातो. सून रुचिरा कांदिवलीतच एका लॅबसाठी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करते. तिघं एका खोलीत राहतात. तिघांचं ठीक चाललं होतं, म्हणजे मुंबईत ठीक चालणं म्हणतात तितपत.

दोन वर्षांपूर्वी मालनची सासू गावाला आजारी पडली, अंथरुणाला खिळली. तिचं करायला मालन कणकवलीच्या पुढे सड्यावरच्या वाडीत जाऊन राहिली. वाडीत तिच्या मुंबईच्या कार्डाला रेंजच नव्हती. तिथे ज्या कंपनीची रेंज येते तिचं कार्ड तिने कणकवलीच्या बाजारात घेतलं, आधारलाही तोच नंबर जोडला. मुंबईचं कार्ड रिचार्ज न केल्याने मेलं. सासू गेली, दिवसकार्य झालं, मालन परत खोलीवर आली. आणि तिच्या फोनवर, वर कोपऱ्यात, रेंजच्या कांड्यांच्या शेजारी एक R बसला.

मालनला इंग्रजी येत नाही, पण अक्षरं ओळखता येतात. मुंबईत बसच्या पाट्या वाचून जेवढी येतात तेवढी. तिने फोर जीच्या पायरीवर बसलेल्या सुशांतला विचारलं. सुशांत तिच्या बाजूच्याच तालुक्यातला, देवगडचा. समितीचा सेक्रेटरी. समिती म्हणजे टेकडीवरच्या लोकांची बिल्डरशी बोलायची समिती, असं कागदावर. खरं तर बिल्डरची लोकांशी बोलायची.

"सुशांता, ह्यो आर कसलो रे?"

सुशांतने फोन हातात घेतला, गंभीर तोंड केलं. "काकी, आर म्हणजे रहिवासी. आता पक्की झालीस तू. सरकारचा शिक्का बसला."

पायरीवरची पोरं हसली. मालनला वाटलं, तिला फोनमधलं काही कळत नाही याला हसली. ती पण हसली. नंतर तिने सोनूबाईला फोन दाखवला, की बघ, माझ्या फोनवर आर आलाय, तुझ्यावर नाही. सोनूबाई पायऱ्यांलगतच्या खोलीत राहते. तिने स्वतःचा फोन उलटासुलटा करून बघितला आणि तिला थोडं वाईटही वाटलं.

मालनच्या फोनवर नेट चालायचं नाही. रुचिराला वाटायचं, E आहे म्हणून. एकदा ती म्हणाली, "आई, द्या इकडे, सेटिंग बघते."

"नको गो. हात लाव नको. आर जायत."

"कसला आर?"

"रव दे. तुका नाय कळाचा."

रुचिराला कामावर जायचं होतं. ती गेली.

मग सर्व्हे आला.

सर्व्हे म्हणजे काय हे बाहेरच्याला कळत नाही, म्हणून सांगतो. टेकडी पाडून टॉवर होणार. जो पात्र त्याला टॉवरमध्ये खोली फुकट. जो अपात्र तो रस्त्यावर. पात्र कोण, तर जो इथे राहतो तो. ज्याच्या नावावर खोली आहे त्याने स्वतः हजर राहायचं, अंगठा द्यायचा, आणि कॅमेऱ्यासमोर बोलायचं. खोली नावावर असलेला माणूसच इथे राहत नसेल, तर आत राहणारे भाडेकरू धरायचे, पोटची पोरं का असेनात. आणि जेवढे अपात्र निघतील तेवढ्या खोल्या बिल्डरला विकायला सुटतात. सुशांतला त्या टॉवरखाली दुकानाचा गाळा मिळणार आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. गाळा किती मोठा, हे किती खोल्या सुटतात त्यावर होतं. हेही सगळ्यांना माहीत होतं. तरी सगळे त्याला बघितलं की चहा विचारायचे.

सर्व्हेला यज्ञेश नावाचा मुलगा आला. बोरिवलीचा, नुकता इंजिनीयर झालेला, गळ्यात पट्टी, हातात टॅब. वाईट मुलगा नव्हता. घामाने भिजलेला होता आणि प्रत्येक खोलीत चप्पल काढत होता. त्याच्याबरोबर वाट दाखवायला सुशांत. तो चप्पल काढत नव्हता.

मालनच्या खोलीत ते आले तेव्हा रुचिरा घरीच होती, मुद्दाम थांबलेली. मालनने नवं लुगडं नेसलं होतं. पाटावर बसवल्यासारखी ती खुर्चीवर बसली. अंगठा झाला. आधारच्या नंबरवर ओटीपीचे सहा आकडे आले, ते रुचिराने वाचून दाखवले. मग यज्ञेशने टॅब समोर धरला.

"आजी, आता मी एक प्रश्न विचारणार. सगळ्यांना तोच आहे, लिहिलेला आहे, मला बदलता येत नाही. तुम्ही कॅमेऱ्याकडे बघून उत्तर द्यायचं." त्याने वाचलं, "आपले कायमचे घर कोठे आहे?"

मालन क्षणभरही थांबली नाही.

"घर कणकवलीक."

रुचिराने डोळे मिटले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मुंबईतला कोकणातला माणूस घर हा शब्द इथल्या कुठल्याही जागेला वापरत नाही. इथे असते ती खोली. खोली दहा बाय बाराची असो, नाही तर दोन बेडरूमची. नंतर ब्लॉक म्हणायला लागले, फ्लॅट म्हणायला लागले, पण घर नाही. घर एकच असतं, ते गावाला असतं, त्यात आता कोणी राहत नसलं तरी, भिंत पडली तरी, भावाने कुलूप लावलं तरी. 'घर कुठे तुमचं' असं परळच्या चाळीत विचारलं की लोक मालवण, वेंगुर्ला, राजापूर सांगायचे. पत्ता हवा असेल तर 'राहायला कुठे' असं विचारावं लागायचं. हा प्रश्न ज्याने एसीत बसून लिहिला त्याला हे माहीत नव्हतं. माहीत असायची गरजही त्याला वाटली नव्हती.

यज्ञेशने वर बघितलं. "कणकवली? मग हे?"

"ही खोली."

"म्हणजे तुमचं घर हे नाही?"

"नाय ओ. घर गावाक. हय आमची खोली." मालनला त्याच्या अडाणीपणाचं नवल वाटलं.

दारात टेकून उभा सुशांत म्हणाला, "रेकॉर्ड चालू आहे ना साहेब? हां. राहूद्या." मग अगदी मायेने, "काकी, गावाला होतीस ना तू? बरेच दिवस?"

आता मालनच्या लक्षात आलं की काहीतरी बिघडतंय. कुठे, ते कळेना. तिने कमरेला खोचलेला फोन काढला आणि कॅमेऱ्यासमोर धरला.

"ह्या बघा. माझ्या फोनवर आर आसा. आर. रहिवासी."

यज्ञेश फोनकडे बघत राहिला.

"आजी," तो हळू म्हणाला, "R म्हणजे रोमिंग."

"म्हणजे?"

"म्हणजे... मुंबईचं सर्कल वेगळं आणि बाकी महाराष्ट्राचं वेगळं. तुमचं कार्ड कणकवलीचं आहे. त्याचं होम नेटवर्क तिकडे. इथे फोन चालतो, पण तो त्याच्या घरी नाही, बाहेर आहे. तेवढं सांगायला R."

"बघा," सुशांत म्हणाला. "फोनसुद्धा सांगतोय."

यज्ञेशने रेकॉर्डिंग थांबवलं आणि खालचं बटण दाबलं. मालन सुशांतकडे बघत होती. तो पायरीवर बसून फोन हातात घेऊन गंभीर तोंड करून काय म्हणाला होता, ते तिला आठवत होतं. त्यालाही आठवत होतं. त्याने नजर टॅबकडे वळवली.

"गेलं का साहेब?"

"नाही. इथे E आहे. व्हिडिओ E वर जात नाही. रांगेत राहतो. खाली 4G मिळालं की आपोआप जाईल."

"मग चला खाली."

"अजून दोन खोल्या आहेत वर. त्या करून जाऊ."

ते बाहेर पडले. शेजारच्या दाराची कडी वाजली.

रुचिरा सासूसमोर उकिडवी बसली. "आई, ऐका. घाबरू नका. अजून गेलं नाहीये."

"काय गेला नाय?"

"तुम्ही बोललात ते. त्या टॅबमध्येच आहे. तो फोर जीच्या पायरीवर पोचला की वर जाईल, ऑफिसात. एकदा गेलं की तुम्ही इथे राहत नाही असं लागेल. खोली गेली."

"मी खय म्हटलंय राहत नाय म्हणान?"

"घर कणकवलीला म्हणालात."

"मग काय चुकीचा बोललंय?"

रुचिरा मुंबईत जन्मलेली. तीही सुट्टीत घरी जायची म्हणजे वेंगुर्ल्याला जायची.

मालन उठली. गुडघे दुखतात म्हणून ती पायऱ्या उतरायला वेळ लावते, पण त्या दिवशी ती भिंतीला हात लावत सरळ उतरली. फोर जीच्या पायरीच्या वरच्या पायरीवर ती बसली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, लुगडं पसरून. गल्ली तिथे तेवढीच आहे. मालन बसली की गल्ली संपते.

पायऱ्यांलगतच्या दारात सोनूबाई बांगडे साफ करत होती. "काय गो, वाटेत कित्याक बसलंस?"

"बसलंय."

"कोणाची वाट बघतंस?"

"त्या सर्व्हेवाल्याची."

रुचिरा मागोमाग आली. तिने सोनूबाईला दोन वाक्यांत काय झालं ते सांगितलं. सोनूबाईचा सुरी धरलेला हात थांबला.

"उद्या माका पण ह्याच इचारतलो?"

"सगळ्यांना हेच."

"अगो बाय," सोनूबाई म्हणाली. "मी पण देवगडच सांगलंय असतंय."

यज्ञेश आणि सुशांत वरून आले. पुढे सुशांत.

"काकी, ऊठ. साहेबांना जाऊ दे."

मालन हलली नाही. "साहेबांका काय ता पुन्हा इचारूक सांग. घर खय, असा नको. ऱ्हवतंस खय, असा इचारा म्हणाव."

"आजी, प्रश्न मला बदलता येत नाही," यज्ञेश म्हणाला. "आणि तुमचं सबमिट झालंय."

"पण गेलं नाहीये," रुचिरा म्हणाली. "E दाखवतंय. मी बघतेय इथून."

यज्ञेशने टॅब छातीशी धरला. "खाली उतरलो की जाईल."

"म्हणूनच बसल्यात त्या."

"अहो, नेट तर बंद करा मग!" रुचिराच पुढे म्हणाली.

"टॅब कंपनीचा आहे. नेट बंद करायचं बटण त्यांनी लॉक केलंय."

सुशांत हसला. "ऐक ना रुचिरा वहिनी, कशाला तमाशा? जे खरं ते त्या बोलल्या. कोणी तोंडात घातलं नाही."

"आर तू घातलंस," मालन म्हणाली.

"मस्करी केली गं काकी. तू खरी मानलीस तर मी काय करू?"

यावर खरं तर कोणीतरी त्याच्या कानाखाली आवाज काढायला हवा होता. कोणी काढला नाही. खालून दोन माणसं वर यायला थांबली होती, वरून एक बाई पाण्याचा हंडा घेऊन आली, तिने हंडा डोक्यावरून उतरवला. सगळे वाट बघत होते. यज्ञेशने घड्याळ बघितलं. त्याला भूक लागली होती.

सोनूबाईने बांगड्याच्या पोटातली घाण काढून बादलीत टाकली आणि वर न बघताच म्हणाली, "सुशांता, ती बस कधी सुटतली रे? गणपतीची?"

गणपतीला टेकडीवरून दोन बसेस फुकट सुटायच्या. पैसे बिल्डरचे, बॅनरवर फोटो सुशांतचा. सीटा त्याच्या हातात. बसचा विषय निघाला की तो वेगळाच माणूस व्हायचा, मोठा.

"आदल्या दिवशी दुपारी. तुझी खिडकी लावलीय मी. पण मी बसला नाय हां. मी चार दिवस आधी जातंय. घराक रंग काढूचो आसा."

"खयच्या घराक?" मालनने विचारलं.

"खयच्या म्हणजे? आमच्या घराक. देवगडाक."

बोलून झाल्यावर त्याला ऐकू आलं.

हंडेवाली बाई आधी हसली. मग खालची माणसं. हे हसणं मात्र वेगळं होतं, सुशांतच्या कानशिलापर्यंत लाली चढवणारं.

यज्ञेश त्याच्याकडे वळला. "तुमचं घर देवगडला आहे?"

"ते गावचं घर, साहेब. ते वेगळं. राहतो मी इथेच."

"माझा येगळा नाय?" मालन म्हणाली. "तुझा गावचा घर, माझा काय हॉटेल?"

यज्ञेश पायरीवर टेकला. त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की तो मनात मागे जातोय. "काल," तो म्हणाला, "खालच्या गल्लीत... काल खूप जण गावाचं नाव घेत होते. मला वाटलं, लोक भाड्याने देऊन गावाला राहतात. सुशांतभाऊ पण तसंच म्हणाले."

"त्यांचा काय झाला?" मालनने विचारलं.

"खाली नेटवर्क चांगलं आहे. तिथल्या तिथे गेलं."

"परत बोलवा मग."

"गेलेलं परत येत नाही, आजी."

खालून वर यायला थांबलेल्या दोघांपैकी एक खालच्या गल्लीतला होता. त्याचं हसणं बंद झालं. तो वळला आणि खाली गेला, भरभर.

यज्ञेश टॅबकडे बघत बसला. त्याने काही महान केलं नाही, आणि त्याने काही महान केलं असं मी लिहिणार नाही. कालचं त्याने पुसलं नाही, वर कोणाला फोन केला नाही. त्याच्या हातात जे होतं तेवढं त्याने केलं. रांगेतला व्हिडिओ काढून टाकायला टॅबने कारण मागितलं. कारणं आधीच लिहिलेली होती, एक निवडायचं. 'उत्तर नीट ऐकू आले नाही' हे त्याने निवडलं. त्या टॅबमध्ये दिवसभरात भरलेल्या गोष्टींपैकी ही एक तरी खरी होती.

"साहेब, हे नियमात नाही," सुशांत म्हणाला.

"मग तक्रार करा. मी तुमच्या घराचं पण लिहितो."

सुशांत भिंतीकडे सरकला.

"आजी, पण प्रश्न तोच आहे," यज्ञेश म्हणाला. "शब्द तेच. 'कायमचे घर'. तुम्हाला त्याचंच उत्तर द्यायला लागेल. मी मधे बोलणार नाही."

रुचिराने वाकून मालनच्या कानात वाक्य सांगितलं. मालनला कळलं काय बोलायचं आहे. कळलं, पण तोंड उघडेना.

जयवंत शताब्दी हॉस्पिटलात होता शेवटचे दिवस. नाकात नळी होती. तो एकच म्हणायचा, मालन, घराक जाऊया. ती हो म्हणायची. नर्सने एकदा विचारलं, आजोबांना घरी न्यायचंय का, मग सही करा, कांदिवलीतच राहता ना? नर्सला वाटलं तो टेकडीवर जायचं म्हणतोय. मालनने सही केली नाही. तो ज्या घराक म्हणत होता तिथपर्यंत तो पोचला नसता.

"आपले कायमचे घर कोठे आहे?" यज्ञेशने वाचलं.

मालन फोर जीच्या वरच्या पायरीवर बसून कॅमेऱ्यात बघत होती. मागे सोनूबाईची बादली दिसत असणार.

"हय," ती म्हणाली. मग जसं रुचिराने सांगितलं होतं तसं, शाळेतल्या पोरीसारखं, एकेक शब्द सुटा करून, "माझं. कायमचं. घर. इथं. कांदिवलीला आहे."

शिवी दिल्यासारखं ती ते बोलली. शिवी कोणाला दिली ते तिने नंतर कधी सांगितलं नाही.

"झालं," यज्ञेश म्हणाला.

ती भिंतीला धरून उठली, बाजूला झाली. यज्ञेश फोर जीच्या पायरीवर उतरला. टॅब टुण्‌ वाजला आणि त्याच्यावर हिरवी खूण आली. तो थांबलाही नाही, उतरत गेला. मागून सुशांत. मालनच्या पुढ्यातून जाताना तो थांबला. आता त्याच्या आवाजात माया नव्हती.

"काकी, घर हयच आसा ना आता तुझा? कॅमेऱ्यात सांगलंस. मग गणपतीक बसमध्ये सीट कित्याक होई तुका?"

"एसटीन जायन मेल्या. तू रंग काढ."

संध्याकाळी नितेश आला. सगळं ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "आई, उद्याच तो नंबर बंद करू. मुंबईचं कार्ड घेऊन देतो, आधारला पण तेच लावू. तो R जाईल. उगाच परत कोणी बोट दाखवायला नको."

मालन तांदूळ निवडत होती. फोन तिच्या शेजारी पडला होता, काच वर करून.

"रव दे."

"अगं, त्याचा अर्थ काय ते कळलं ना आता तुला?"

"कळला म्हणानच सांगतंय. मी आज खोटा बोललंय. फोनाक तरी खरा बोलांदे."

नितेशने बायकोकडे बघितलं. रुचिराने फोन उचलला, आणि या वेळी मालनने तिला अडवलं नाही. सेटिंगमध्ये एक बटण बंद होतं, रोमिंगमध्ये नेट चालू ठेवायचं. ते तिने चालू केलं. R गेला नाही, तिथेच राहिला. त्याच्या शेजारी E आला. आणि गावाहून इतके दिवस अडकलेले मेसेज खडखड पडायला लागले. पुतण्याने गणपतीआधी भिंतींना चुना काढला होता, त्याचे फोटो पाठवले होते. नावं दिसत होती, फोटो उघडत नव्हते. गोल फिरत होतं.

मालनने तांदळाचं सूप बाजूला ठेवलं, फोन घेतला आणि परत पायऱ्यांकडे गेली. फोर जीच्या पायरीवर दोन पोरं बसली होती. तिने त्यांना पायाने सरकवलं आणि बसली. फोटो उघडला. तिने तो लांब धरला, मग जवळ धरला, मग दोन बोटांनी मोठा करून एकेक कोपरा बघत राहिली.

दारातून सोनूबाईने विचारलं, "काय गो, एवढा काय बघतंस?"

"घर," मालन म्हणाली.